फ्रेंच आणि इंग्रजीत शब्दाच्या शेवटचं अक्षर लिहितात पण बोलत नाहीत, असं का? मग ते काढून का टाकत नाहीत?

घाई असेल त्यांच्यासाठी दोन ओळी: ती अक्षरं पूर्वी बोलत असत. पुढे जीभ बदलली, लेखणी तिथेच राहिली. आणि काही अक्षरं तर कधीच बोलली गेली नव्हती, विद्वानांनी मागाहून चिकटवली.

आता सविस्तर, आणि थोडं माझंही. नाशिकच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मी साडेचार वर्षं उभा होतो आणि या विषयावर माझी जेवढी शोभा झाली आहे तेवढी इथल्या कोणाची झाली नसेल.

घरची द्राक्षबाग, दिंडोरी तालुक्यात. वडील थॉमसन लावायचे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्या नावाच्या पोटात एक ‘पी’ आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वडिलांना ते कधीच कळलं नाही आणि त्यांनी तो पी कधी उच्चारलाही नाही. सुरुवातीच्या ‘थ’चं सोडा, पण पीच्या बाबतीत अण्णा इंग्लंडच्या माणसाइतकेच बरोबर होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०११ च्या हंगामात मी वायनरीत लागलो. काम सोपं: पाहुण्यांसमोर पाच-सहा ग्लास मांडायचे, प्रत्येकात घोटभर ओतायचं, द्राक्षाची जात सांगायची. द्राक्ष मला लहानपणापासून कळतं. वेल, कलम, छाटणी, साखर कधी भरते, पाऊस आला की काय सडतं, सगळं. फक्त बाटलीवरची नावं मी चिठ्ठीवर वाचून पाठ केली होती. फेब्रुवारीतला शनिवार, गर्दी, मुंबईचा सहा जणांचा ग्रुप. मी म्हटलं, “सर, हे कॅबरनेट, हे मर्लॉट.” लिननचा शर्ट घातलेला एक जण मित्रांकडे बघून हसला आणि मला म्हणाला, “भाऊ, आधी नाव तरी नीट घे, मग विक.” त्याची बायको हळूच “जाऊ दे ना” म्हणाली. त्या “जाऊ दे ना”ने जास्त लागलं.

गोष्ट सोमवारी साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणजे आमचे टेस्टिंग रूमचे मॅनेजर. त्यांनी आम्हा चौघा पोरांना उभं करून धडा दिला: “फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर मेलेलं असतं. बोलायचंच नाही. एवढं केलं तरी कोणी हसणार नाही.”

नियम मला भारी आवडला. एका ओळीत अख्खी भाषा! कॅबर्ने, मेर्लो, पिनो, ब्लाँ, सगळं धडाधड जमायला लागलं. मग मी शिराझवर आलो. पुण्याचं कुटुंब होतं, सोबत आठेक वर्षांची मुलगी. मी ऐटीत म्हटलं, “आणि ही आमची शिरा.” पोरगी ओरडली, “आई, इथे शिरा पण मिळतो!” अख्खं टेबल हसलं, मीही हसलो, काय करणार. साहेबांनी आत बोलावून झापलं. शिराझ फ्रेंच नाही म्हणे. मी विचारलं, बाटलीवर फ्रेंच कोणतं आणि नाही कोणतं हे मला कसं कळणार? “डोकं वापर.”

आणि मग ब्रूट. फसफसणाऱ्या वाइनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर बाटलीवर हा शब्द येतो. साहेबांच्या नियमाप्रमाणे टी मेलेला, म्हणून आम्ही “ब्रू” म्हणायचो. निम्म्या लोकांना कॉफी आठवायची. दोन वर्षं मी ब्रू विकली.

दोन वर्षांनी एक फ्रेंच बाई आल्या. वयस्कर, एकट्याच, मागे ड्रायव्हर. त्यांना खोक्यात सहा बाटल्या हव्या होत्या. मी भरत होतो, त्या बोट ठेवून मोजत होत्या. शेवटच्या बाटलीवर बोट टेकवून म्हणाल्या, “सिस.” मग खोक्याकडे हात करून ड्रायव्हरला म्हणाल्या, “सी बुतेय.” मी गोंधळलो. आत्ता तर सिस होतं, लगेच सी कसं झालं? मी विचारलं, तर त्यांना गंमत वाटली. तिसरा प्रकारही त्यांनी सांगितला: पुढे ‘आमी’ म्हणजे मित्र हा शब्द आला की “सिझामी”. एकच शब्द, सहा, शेवटी लिहायला कायम एक्स. एकटा असेल तर सिस, पुढे व्यंजन आलं तर सी, स्वर आला तर सीझ. मी बिलावर लिहिण्यासाठी मोठ्याने म्हटलं, “मॅडम, सिक्स ब्रू.” त्या थांबल्या. म्हणाल्या, “ब्र्यूत.” शेवटचा त अगदी स्पष्ट, दातावर जीभ आपटून.

संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं. साहेब ग्लास पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “गावाकडची असेल.”

पुढच्या महिन्यात मला डिस्पॅचला टाकलं. कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही. खोकी टेप करताना मात्र मी रोज दोनशे वेळा तो टी बघत होतो.

मग मी शिकलो. गंगापूर रोडला एक निवृत्त बाई रविवारी सकाळी अकरावी-बारावीच्या मुलांची फ्रेंचची शिकवणी घ्यायच्या. सतरा वर्षांची पोरं मार्कांसाठी आलेली आणि मागे बत्तिशीचा मी, अर्धी फी द्राक्षांच्या पेटीत. पहिल्याच रविवारी बाईंना वायनरीची किंमत-यादी दिली आणि म्हटलं, मला बाकी काही नको, हे वाचायला शिकवा. त्यांनी पेन्सिल घेतली. जे अक्षर बोलायचं त्याभोवती गोल, नाही त्यावर आडवी रेघ. मेर्लोच्या टीवर रेघ, ब्रूटच्या टीला गोल. ब्लाँच्या सीवर रेघ, सेकच्या सीला गोल. व्हिओन्येच्या आरवर रेघ, पिनो न्वारच्या आरला गोल. तीच अक्षरं, त्याच जागी, एकीकडे जिवंत, एकीकडे गप्प. यादी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “तुमच्या साहेबांचा नियम चुकीचा नाही हो. अर्धा आहे.”

उरलेला अर्धा असा. सी, आर, एफ, एल ही चार अक्षरं शेवटी आली तर बहुतेक वेळा बोलतात; इंग्रजी ‘केअरफुल’ शब्दातली व्यंजनं म्हणून पोरं लक्षात ठेवतात. टी, डी, एस, एक्स, झेड, पी बहुतेक वेळा गप्प. “बहुतेक” हा शब्द बाई दर वाक्यात घ्यायच्या. क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी ई-आर असेल तर आर गप्प. ब्लाँमध्ये सीच्या आधी नाकातला स्वर आहे, तिथे सी गळतो. आणि लहान, एकाक्षरी शब्दांत शेवटचा टी पुष्कळदा टिकतो: ब्रूट त्यातलाच, सात आणि आठ हे आकडे त्यातले, पूर्व आणि पश्चिम दिशाही त्यातल्या. सातात तर गंमत आहे, शेवटचा टी बोलतात आणि त्याच्या आधीचा पी गप्प. तो पी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून नंतर घातलेला.

गप्प अक्षर मेलेलं नसतं हे मला ‘पती’वरून कळलं. फ्रेंचमध्ये लहान म्हणजे ‘पती’, शेवटी लिहायला टी, बोलायला नाही. वर्गातल्या मुली खुसखुसल्या. बाईंनी फळ्यावर त्यापुढे एक ई जोडला. स्त्रीलिंगी झालं, उच्चार ‘पतीत’. ई स्वतः काही बोलत नाही, पण टीला जागं करतो. तो टी स्पेलिंगमधून काढून टाकला, तर स्त्रीलिंगात तो कुठून टपकला हे कोण सांगणार? मोठा म्हणजे ‘ग्राँ’, स्त्रीलिंगी ‘ग्राँद’. आणि पुढे स्वराने सुरू होणारा शब्द आला की त्या डीचा उच्चार चक्क त होतो. थोर पुरुष म्हणजे ‘ग्राँतोम’. कारण जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द टीनेच लिहीत आणि बोलत असत. लॅटिनशी आणि स्त्रीलिंगी रूपाशी जुळावं म्हणून पुढे डी लिहायला लागले. लेखणी सुधारली, जिभेने ऐकलं नाही.

इतिहास सगळा त्या फ्रेंच बाईंच्या सहा बाटल्यांत आहे. मध्ययुगात शेवटची व्यंजनं बोलत होते. आधी ती पुढच्या व्यंजनाला धडकून गळाली (सी बुतेय), पुढे काही शतकांत वाक्याच्या शेवटीही गळाली, आणि स्वरापुढे टिकून राहिली (सिझामी). सहा आणि दहा या आकड्यांत तिन्ही अवस्था अजून शिल्लक आहेत. बाकीच्या शब्दांत दोनच उरल्या.

आपल्याकडे असं नव्हतं असं समजू नका. माझ्या आजोबांची सोसायटीच्या हिशेबाची वही घरात आहे. तिच्यात ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘केलें’. मला वाटायचं आजोबा हौसेने टिंबं देत. बाईंनी सांगितलं की ही टिंबं म्हणजे आपले गप्प टी. पूर्वी तिथे नाकातून उच्चार होता, तो गेला, टिंब राहिलं. गोव्यात कोकणी बोलताना ‘तें’ आजही नाकातून ऐकू येतं. आपण काय केलं? १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि न उच्चारलेली टिंबं काढून टाकली. शाळेत पोरांचा मार वाचला. त्याच नियमांत ‘अर्थात्’, ‘क्वचित्’, ‘विद्वान्’ यांचे मोडलेले पायही नीट केले. म्हणजे बोलायला व्यंजन, लिहायला अकारान्त. ‘राम’ हा शब्द बघा, शेवटी अ लिहिलेला आहे आणि आपल्यापैकी कोणी तो बोलत नाही. फ्रेंच माणूस विचारेल, तुमच्याकडे शेवटचा स्वर लिहून खातात कशाला?

मग फ्रेंचांनी का नाही काढलं? एक कारण वाइनच्याच दुकानात सापडतं. वाइन म्हणजे ‘व्हॅं’, वीस म्हणजे ‘व्हॅं’, व्यर्थ म्हणजेही ‘व्हॅं’. बोलताना तिन्ही एक. विसाच्या शेवटी जी आणि टी लिहितात, दोन्ही गप्प, पण डोळ्याला लगेच कळतं की हा आकडा आहे. अक्षरं काढली तर ‘वीस वाइन’ म्हणजे कागदावर व्हॅं व्हॅं.

दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं आणि ते गोड नाही. फ्रेंच अकादमी १६३५ ची, तिचा पहिला शब्दकोश १६९४ चा. कोशाची तयारी चालू असताना, १६७३ मध्ये, मेझरे नावाच्या सदस्याने टिपणात स्वच्छ लिहून ठेवलं की अकादमीला जुनं स्पेलिंग पसंत आहे, कारण त्याने शिकलेली माणसं आणि अडाणी माणसं व साध्यासुध्या बायका यांच्यातला फरक दिसतो. तीनशे चाळीस वर्षांनी हे वाचताना मला तो लिननचा शर्ट दिसला. अक्षर ठेवलंच होतं ते मी चुकावं म्हणून.

इंग्रजीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे नियम कमी आणि उधारी जास्त. ‘डेट’, म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन शब्दात बी आहे म्हणून पंडितांनी घुसवला. इंग्रजीत तो कोणीच कधी बोललं नाही. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये (छापलं १५९८ ला) एक मास्तर आहे, तो हा बी न उच्चारणाऱ्यांवर चिडतो, शेक्सपिअरने त्याची टिंगलच केली आहे. साहेबांना हे वाचून दाखवायचं राहून गेलं. पावतीच्या ‘रिसीट’मधला पी असाच घुसलेला, आपले लोक ‘रिसीप्ट’ म्हणतात त्यात त्यांची काय चूक? त्याच घरातल्या ‘डिसीट’ला मात्र पी मिळाला नाही. अंगठ्याच्या ‘थम’ला बी का, तर काही कारण नाही, लँबला आहे म्हणून यालाही. ‘ऑटम’चा एन मात्र खरा, ‘ऑटम्नल’ म्हटलं की तो जागा होतो, पतीच्या टीसारखा.

आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दाचा टी बोलायचा की नाही, हे तो शब्द कधी आला यावर ठरतं. मार्केट, पॉकेट, क्लॉझेट हे जुने पाहुणे. आले तेव्हा फ्रेंच लोक स्वतःच टी बोलत होते, तो इंग्रजीत राहून गेला. बॅले, बुफे, बुके हे नंतरचे, १७व्या-१८व्या शतकातले, टी गळल्यावर आलेले. इंग्रज माणूस बोर्दोच्या लाल वाइनला ‘क्लॅरेट’ म्हणतो, टी ठणठणीत. आणि त्याच बाटलीतल्या द्राक्षाला म्हणतो कॅबर्ने, टी गायब. त्याला कोणी म्हणत नाही, भाऊ, आधी नाव नीट घे.

आता माझं स्पष्ट मत. शब्द कानाने आला की माणूस बरोबर बोलतो, डोळ्याने आला की चुकतो. यात शिक्षणाचा संबंध उलटाच आहे. एसटीचा ‘डेपो’ घ्या. फ्रेंच शब्द, शेवटी गप्प टी. महाराष्ट्रातली एक तरी म्हातारी ‘डेपॉट’ म्हणते का? कधीच नाही, तिने स्पेलिंग पाहिलेलंच नाही. गॅरेजमधला पोरगा ‘चासी नंबर’ म्हणतो, शेवटचा एस गिळून, अगदी जिथल्या तिथे. ‘चॅसिस’ म्हणतो तो इंजिनिअर. लग्नात आपण सगळे ‘बुफे’ला रांग लावतो. अण्णांचा थॉमसन तसाच. मी ‘मर्लॉट’ म्हणालो कारण मला तो शब्द कोणी ऐकवलाच नव्हता, चिठ्ठी दिली होती. ती चूक चिठ्ठी देणाऱ्याची. तुम्ही कुठे साहेब असाल तर नव्या पोराला यादी देऊ नका, एकदा स्वतः मोठ्याने म्हणून दाखवा. पाच मिनिटं लागतात.

आणि त्या शिऱ्याबद्दल. शिराझ हे इराणमधल्या शहराचं नाव. द्राक्षाला ते लावून खपवलं प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाने. फ्रान्समध्ये त्याच द्राक्षाला म्हणतात ‘सिरा’. शेवटी एच आहे, गप्प. म्हणजे ज्या दिवशी अख्ख्या टेबलासमोर माझी लाज गेली, त्या दिवशी मी फ्रेंच उच्चारापासून एका श एवढाच लांब होतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी वर देवनागरीत दिलेले उच्चार जवळपासचे आहेत. फ्रेंच त आपल्या ‘त’च्या जवळचा, ‘ट’च्या नाही, आणि ब्रूटमधला स्वर मराठीत नाहीच, ओठ ऊसारखे करून ई म्हणून बघा. प्रांताप्रांतात फरक आहे: बेल्जियममध्ये आणि फ्रान्सच्या पूर्वेकडे विसाचा टी बोलतात, म्हणजे तिथे ‘व्हॅंत’. विशेषनामांना तर काही धरबंद नाही. शामोनी (Chamonix) गावाचा शेवटचा एक्स गप्प, पण एक्स (Aix) नावाच्या गावाचा शेवटचा एक्स बोलतात. परीक्षेसाठी विचारत असाल तर शब्दकोशात उच्चार बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

साहेब आता निवृत्त आहेत. मी दुसरीकडे काम करतो, नव्या मुलांना टेस्टिंग शिकवतो. मागच्या डिसेंबरात त्यांचा फोन आला, पुतणीचं लग्न होतं. “दोन पेट्या ब्रू पाठव रे.” मी हो म्हटलं. बिल हाताने लिहिलं, देवनागरीत: ब्रूट, २ पेट्या. पैसे दुसऱ्या दिवशी आले, सोबत मेसेज: “ब्रू मिळाली.”